दोनशेच्या वर ट्रक

९ ऑक्टोबर, सकाळी ७
आजपासून मोजणी. गल्लीच्या टोकाला जे मोठं गोदाम झालंय, त्याला आता आमच्या बाजूने दुसरं गेट हवंय. मागे हायवेकडे एक गेट आहे, पण ट्रक सगळे आमच्याच गल्लीतल्या गेटाने; त्या एकानेच आमच्या भिंतींना तडे गेलेत. गेल्या महिन्यात ही भाजी घेऊन येत होती, ट्रकचा आरसा कानाशी घासून गेला. आठ दिवस एकटी बाहेर पडली नाही. नियम असा की गल्लीतून दिवसाला दोनशेच्या वर ट्रक जात असतील तर दुसरं गेट मिळत नाही. सोसायटीच्या सेक्रेटरींनी मोजायचं काम माझ्याकडे दिलं. माणूस बरोबर निवडला. एकतीस वर्षं विम्याचे क्लेम तपासलेत. समोरचा खोटं बोलतोय हे धरून चाललं की निम्मं काम होतं.
निश्चय: सकाळी सात ते संध्याकाळी सात गॅलरीतून हलायचं नाही.

९ ऑक्टोबर, संध्याकाळी
एकूण ६३, अधिक दुपारचे. एक ते चार डोळे मिटून आवाजावरून मोजले. ही म्हणाली, आवाज तुमचाच येत होता.

१० ऑक्टोबर
गोदामाच्या वॉचमनने खालून हात केला. मी केला नाही. ओळख वाढवायचा डाव. ही मात्र त्याच्याशी दहा मिनिटं बोलली. काय एवढं, म्हणून विचारलं. म्हणे त्याच्या मुलीची परीक्षा आहे. ऑक्टोबरात कसली परीक्षा? टिपून ठेवलं.
वही गॅलरीतून खाली पडली. आणेपर्यंत गेलेले चाळीस धरले. जास्तच असतील.

१२ ऑक्टोबर
सरकारी मोजणी आली. रस्त्यावर आडव्या दोन काळ्या रबरी नळ्या ठोकल्यात, टोकाला लोखंडी पेटी, तिला कुलूप. चाक नळीवरून गेलं की पेटीत नोंद. पाच दिवस चालणार. सुनावणीत हाच आकडा धरणार म्हणे. मग माझी वही? सेक्रेटरी म्हणाले, जपून ठेवा की.
मोजणीवर आलेली इंजिनिअर बाई दिसते सज्जन. पण वॉचमनकडून पाणी मागून प्यायली. माझ्या डोळ्यांदेखत. आकडा कमी येणार, काळ्या दगडावरची रेघ.

१३ ऑक्टोबर, सकाळी
रात्रभर विचार केला. नळीला डोळे नाहीत. चाक गेलं, नोंद झाली. हे लोक आकड्यातून जेवढे खाणार तेवढे आपण घालायचे. माझ्या स्कूटरलाही चाकं आहेत.
हिला योजना सांगितली. ती म्हणाली, नसता उद्योग करू नका, चाकांमधल्या अंतरावरून स्कूटर कुठली नि ट्रक कुठला हे पेटीला कळतं, त्या बाईनेच मला सांगितलं. बघा! कोणी असलं काही करू नये म्हणून पसरवलेली अफवा. आणि पसरवायला माझंच घर सापडलं.
आज स्कूटरची हवा भरली. उद्यापासून सुरुवात.

१४ ऑक्टोबर
५४ फेऱ्या. गल्लीच्या मधोमध, सावकाश, म्हणजे नोंद नीट व्हावी. नळीपलीकडे वळायचं, परत यायचं. वळताना जागा लागते. ट्रकवाले हॉर्न मारत होते. झोंबलं असणार.

१५ ऑक्टोबर
७१. कंबर धरली. सेक्रेटरींनी विचारलं, काही हरवलंय का? कोणालाही विश्वासात घ्यायचं नाही हे ठरलेलं, म्हणून हो म्हटलं. तेही बिचारे अर्धा तास रस्त्यात वाकून शोधत होते.

१६ ऑक्टोबर
इंजिन तापून बंद. तीस फेऱ्या ढकलत. ही गॅलरीतून बघत होती. काही बोलली नाही. पटलं असावं.

२२ ऑक्टोबर, सुनावणीहून आल्यावर
इंजिनिअर बाईंनी पडद्यावर आकडे दाखवले. पहिल्या दिवशी ट्रक २३१, दुसऱ्या दिवशी २२८. सेक्रेटरींनी टाळी वाजवली. पुढचे तीन दिवस १६५, १५८, १६१. सरासरी १८९. दुसरं गेट मंजूर.
मी उठलो. म्हटलं, पेटी फोडलीय, चौकशी करा. बाई म्हणाल्या, पेटी ठीक आहे, शेवटच्या तीन दिवसांत एकाच मापाची दुचाकी शेकड्याने नोंदली गेलीय, ती तेवढी समजत नाही. गोदामवाल्यांनी वॉचमनला उभं केलं. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, साहेब, एक आजोबा रस्त्याच्या मधोमध स्कूटर फिरवत होते, ड्रायव्हर कंटाळून हायवेने वळसा घालून मागच्या गेटाला जायला लागले.
आजोबा! मी एकसष्टचा.
सगळी सोसायटी वळून बघत होती. सेक्रेटरी सर्वांत जास्त वेळ.
वही पुढे केली. दुपारच्या नोंदी कशाच्या आधारे, असं बाईंनी विचारलं. बसलो.
येताना ही कडेकडेने चालत होती. एक ट्रक गेला तेव्हा माझा दंड घट्ट धरला, मग सोडला. घरी आल्यावर एवढंच विचारलं, की इतक्या फेऱ्या मारताना एकदा तरी मागे वळून पाहिलंत का?
पाहिलं होतं. मागे ट्रक उलटे वळत होते. मला वाटलं, घाबरले.