सोनेरी भुंगेऱ्याची तिसरी सहमती

डोंबिवली पूर्व,
१४ ऑक्टोबर

तीर्थरूप विश्राममामा आणि मालनमामी यांस,

क्षिप्राचा साष्टांग नमस्कार. (आमच्या हॉलमध्ये साष्टांग घालायला लागते तेवढी सलग मोकळी जमीन नाही, मध्ये सोफा येतो, तेव्हा हा नमस्कार कागदावरचा, पण पूर्ण मापाचा समजावा.) इकडे सगळे ठीक आहेत. आईचा गुडघा आमचा जिना चढताना दुखतो, भिशीच्या बायकांकडचा जिना चढताना दुखत नाही, एवढी नोंद मी ठेवली आहे. मामींच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झाल्याचं कळलं. आता दोन डोळ्यांना रंग सारखेच दिसतात की डाव्याला निळा जास्त निळा वाटतो, ते मामींनी जरूर कळवावं. मी औपचारिकपणे विचारत नाहीये, मला खरंच जाणून घ्यायचं आहे. तुमची तब्येत विचारत नाही. तुम्ही 'उत्तम' एवढंच लिहिता आणि त्याला पुरावा जोडत नाही.

पत्र हाताने लिहिते आहे, कारण तुम्हाला नेट जमत नाही हे आपल्या घरात सर्वमान्य आहे. आईने तुम्हाला 'आपली माणसं' या कुटुंबाच्या ग्रुपमध्ये घ्यायचं तीनदा ठरवलं. पहिल्यांदा तुमच्याकडे रेंज नव्हती, दुसऱ्यांदा चष्मा नव्हता, आणि तिसऱ्यांदा मोबाइलची बटणं बारीक होती. (त्या मोबाइलला बटणं नव्हती. पण ते असो.) त्यामुळे या पत्रात जिथे नेटचा संबंध येईल तिथे मी फोड करून सांगेन. कंटाळा करू नये.

तर, भुंगेरे ओळखणाऱ्यांची एक साइट आहे. साइट म्हणजे गावातल्या चावडीसारखी जागा समजा, फक्त तिथे कुणी कुणाचं तोंड पाहत नाही. आपण भुंगेऱ्याचा फोटो टाकायचा, ही अमुक जात असावी असं म्हणायचं, आणि इतरांनी त्यावर सहमती द्यायची किंवा कारण देऊन नाकारायचं. बहुतेकांनी टोपणनावं घेतलेली असतात. माझं 'मायक्रॉन' आहे, कारण मी दिवसभर वागळे इस्टेटमधल्या प्रयोगशाळेत लोकांच्या मोजपट्ट्या बरोबर मोजतात का, ते मोजत असते. ठाण्यातले महेंद्र सर, शाळेत विज्ञान शिकवतात, ते या साइटवरून आपल्या जिल्ह्यातल्या भुंगेऱ्यांची यादी करतात. ती यंदा पुस्तिका म्हणून छापली जाणार आहे. प्रत्येक जातीपुढे ती कुठे सापडली आणि कुणाला सापडली ते येईल. नोंद पक्की व्हायला तीन सहमती लागतात आणि यादी ३१ ऑक्टोबरला बंद होते. माझ्या एका नोंदीला दोन आहेत. पुस्तिकेत नाव यावं असं मला काही विशेष वाटत नाही. (वाटतं.)

हा भुंगेरा आमच्या इमारतीच्या मागे, पंपघराच्या भिंतीवर चढलेल्या गारवेलीवर जुलैत सापडला. आकार साबुदाण्याच्या भिजलेल्या दाण्याहून थोडा मोठा, बाह्यरेखा कासवाची, कडेने काचेसारखी पारदर्शक झालर, आणि मधला भाग सोन्याचा. 'सोन्यासारखा' असं मी मुद्दाम लिहीत नाही. मी रोज धातूचे पृष्ठभाग पाहते, आणि इतकं चांगलं पॉलिश आमच्या लॅबमध्येही होत नाही. मी त्याला माझ्या डब्याच्या वरच्या कप्प्यात घातलं आणि घरी नेलं. तिथे आईबरोबर आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरी नंदाकाकू बसल्या होत्या. मी म्हटलं, सोन्याचा भुंगेरा दाखवते. झाकण उघडलं, तर आत विटकरी रंगाचा एक अत्यंत सामान्य किडा बसलेला. नंदाकाकू म्हणाल्या, "अगं, हा तर ढेकूण! हेमाताई, गाद्या उन्हात टाका बाई आधी." आई माझ्याकडे अशी बघत राहिली की जणू मी नोकरी सोडल्याचं सांगितलं. नंतर वाचलं तेव्हा कळलं की हा प्राणी घाबरला की सोनं लपवतो. चमक कातडीखालच्या ओलाव्याच्या थरांमुळे असते. घाबरला की ती मिनिटा-दोन मिनिटांत उतरते, आणि मेला तर कायमचीच. (आईचं म्हणणं, मग तो आपल्यापैकीच आहे, आपणही दागिने घालून स्टेशनकडे जात नाही.)

म्हणजे फोटो त्याला न घाबरवता काढायला हवा. म्हणून मी त्याला परत वेलीवर सोडलं आणि सलग तीन रविवार सकाळी पंपघराच्या मागे चाळीस-चाळीस मिनिटं न हलता बसले. आमच्याकडे पाणी दिवसाला दीड तास येतं हे तुम्हाला माहीत आहे. अशा ठिकाणी जी व्यक्ती पंपाजवळ कॅमेरा घेऊन गप्प बसते, ती भुंगेरे पाहत असेल असं कुणाच्याही मनात येत नाही. बी विंगच्या लोकांना वाटलं मी ए विंगची पाण्याची चोरी पकडते आहे, ए विंगला उलट वाटलं. तिसऱ्या रविवारनंतर फलकावर सूचना लागली, की 'पंपघराच्या परिसरात छायाचित्रण करणाऱ्या सभासदाने आपली तक्रार लेखी द्यावी'. त्या आठवड्यात पाणी दोन तास आलं. मी खुलासा केला नाही.

फोटो चांगला आला आणि मी तो साइटवर टाकला. महेंद्र सरांनी सहमती दिली. कल्याणच्या योगिनीताईंनी दिली. आणि दहा मिनिटांत 'खोडकिडा५२' या नावाच्या सदस्याने नाकारलं.

या माणसाबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं. माझ्या नोंदी तो गेले सहा महिने नाकारत आला आहे. त्याचा चेहरा कुणी पाहिलेला नाही, तो कधी भेटीगाठींना येत नाही. ५२ हे त्याचं वजन असावं असं योगिनीताईंना वाटतं. इतर लोक 'सुंदर!' लिहितात, फुलं टाकतात. हा फक्त लिहितो, 'आधी पाय मोजा.' सहा पाय दिसत नसतील अशा फोटोवर तो बोलतच नाही. या भुंगेऱ्याच्या बाबतीत त्याचा मुद्दा असा होता. अगदी सारख्या दिसणाऱ्या दोन जाती आहेत. दोघींच्या पारदर्शक झालरीवर खांद्याशी काळपट डाग असतो. मागच्या बाजूचा डाग मात्र एकीलाच. माझ्या फोटोत मागचा डाग होता. खोडकिडा५२ म्हणाला, हा डाग नव्हे, सावली आहे. आणि खालून फोटो कुठाय? मी सावलीचा कोन काढून आकृतीसह उत्तर दिलं. तो म्हणाला, 'आकृती चांगली आहे. सावलीच आहे.' असं एकूण चौदा वेळा झालं. मी सहसा चिडत नाही. त्या आठवड्यात ऑफिसात एका ग्राहकाचं पूर्णपणे बरोबर असलेलं उपकरण मी चुकून नापास केलं, एवढीच माझी चिडण्याची नोंद.

खालून फोटो काढणं सोपं नाही. भुंगेरा उलटा केला की घाबरतो, घाबरला की विटकरी होतो. उपाय योगिनीताईंनी काढला. त्या दाताच्या डॉक्टर आहेत. तोंडात घालतात तो छोटा गोल आरसा आणि डोक्याला बांधायचा दिवा घेऊन त्या कल्याणहून आल्या, आणि आम्ही दोघी गारवेलीत शिरलो. ताईंनी पानाखाली हळूच आरसा सरकवला, दिवा लावला, आणि वीस वर्षांच्या सवयीने भुंगेऱ्याला म्हणाल्या, "हं, आ करा." मला हसू आलं, पान हललं, भुंगेरा उडाला. (मी हसते हे योगिनीताईंना तोवर माहीत नव्हतं.) आता पुढच्या रविवारी नक्की, असं ठरवून आम्ही उठलो.

पुढच्या रविवारी गारवेलच नव्हती. गणपती जवळ आले म्हणून नंदाकाकूंनी सोसायटीची सफाई काढली होती. पंपघराची भिंत खरवडून, तिला गुलाबी रंग देऊन, त्यावर 'येथे थुंकू नये' असंही लिहून झालं होतं. मी कचऱ्याच्या ढिगापाशी गेले तेव्हा काकू मागून म्हणाल्या, "बघ कसं स्वच्छ केलं! तुझा तो ढेकूण पण गेला." मी बाह्या वर केल्या. ढिगात हात घातला आणि तासाभराने एक हातभर वेल मिळाली. तिच्या पानांवर अळ्या होत्या. सहा.

त्या सहाही अळ्या मी घरी वाढवल्या. पाण्याच्या बाटलीत वेल, वरून मलमलचं कापड, जागा गॅलरीत तुळशीच्या शेजारी. इथे आईचं आणि माझं मोठं भांडण झालं, कारण या जातीच्या अळ्या आपली विष्ठा आणि टाकलेली कातडी शेपटीवर गोळा करून छत्रीसारखी अंगावर धरतात. आईने भिंगातून पाहिलं, भिंग खाली ठेवलं आणि विचारलं, "क्षिप्रा, हे शी डोक्यावर घेऊन फिरतायत?" मी म्हटलं, शत्रूपासून संरक्षण आहे ते. आई म्हणाली, "कोण येणारे यांना खायला? माझं घर आहे!" पण नंतर रोज सकाळी तुळशीला पाणी घालताना ती त्यांना मोजायला लागली, आणि पाचच दिसल्या तर मला फोन करायची. सहापैकी चार कोषात गेल्या, तीन बाहेर आल्या. बाहेर आल्यावर ते फिकट असतात, सोनं नसतं. ते चढायला बारा दिवस लागले. टॉवरचे मजले चढावेत तसं ते रोज थोडं थोडं चढत होतं आणि मी रोज सकाळी नोंद करत होते. तेराव्या दिवशी आईने नंदाकाकूंना स्वतःहून हाक मारली. काकू बराच वेळ वाकून बघत राहिल्या. मग इतकंच म्हणाल्या, "अगं बाई! एवढा तर माझ्या लग्नातला हार पण चमकला नव्हता." त्या दिवशी आई मला जेवायला दुसऱ्यांदा वाढत असताना उगाचच थांबली आणि म्हणाली, चांगलं केलंस. हे मी नोंदवहीत लिहिलेलं नाही. लिहायची गरज नाही.

शेवटचा फोटो २ ऑक्टोबरचा. या वेळी आरसा वापरला नाही. भुंगेऱ्याला घरातल्या एका स्टीलच्या डब्याच्या झाकणावर चालू दिलं. स्टीलमध्ये सावली वेगळी पडते आणि पोटाचं प्रतिबिंबही दिसतं. मागचा डाग झालरीवर स्वच्छ आहे, सावली त्यापासून दोन मिलिमीटर दूर आहे, पाय सहाच्या सहा मोजता येतात, आणि अंगावर सोनं आहे. हा फोटो मी आजवर केलेल्या कुठल्याही कामाहून चांगला आहे. मी अशी वाक्यं लिहीत नाही, तेव्हा हे जसंच्या तसं धरावं.

आणि त्यावर खोडकिडा५२ बारा दिवस गप्प आहे. एरवी दहा मिनिटांत येणारा माणूस. सहमती नाही, नकार नाही, सावली नाही. महेंद्र सर म्हणतात, तिसरी सहमती दुसऱ्या कुणाचीही घे, कुणीही देईल. मला कुणाचीही नको आहे. तुम्ही चाळीस वर्षं शेतीखात्यात किडीच पाहिल्यात. तुमचा अशा लोकांशी संबंध आला असेल. अशा माणसाचं काय करावं, याचा सल्ला हवा होता.

मामींना नमस्कार. आंब्याच्या वाळवलेल्या साठांची वाट बघत नाही, पण आली तर परत करणार नाही.

आपली भाची,
क्षिप्रा

ता. क. १. खोडकिडा५२ स्वतःचेही फोटो टाकतो. मापासाठी तो भुंगेऱ्याशेजारी लाकडी फूटपट्टी ठेवतो. तिच्या अकराव्या सेंटिमीटरवर चार छोटे खड्डे आहेत. ते माझ्या दुधाच्या दातांचे आहेत. पट्टी धरणाऱ्या डाव्या अंगठ्याचं नख उभं दुभंगलेलं आहे, ते नारळ सोलताना कोयता लागून. मी तेव्हा तिथेच होते, तुम्ही मला पाणी आणायला पाठवलं होतंत. जन्मसाल ५२. आणि मी सात वर्षांची असताना पडवीत कोळी पाहून 'किडा, किडा' म्हणून ओरडले, तेव्हा मला सांगितलं गेलेलं वाक्य: आधी पाय मोज. चार लक्षणं जुळली की मी ओळख पक्की धरते. हे मला जुलैपासून माहीत आहे.

ता. क. २. मला माहीत आहे, हे तुम्हाला मात्र २ ऑक्टोबरला कळलं. फोटोतल्या झाकणावर ठिपक्यांनी कोरलेलं आहे, 'चि. हेमा हिस विश्रामकडून सप्रेम, १२-५-९१.' अक्षरं फोटोत चुकून आलेली नाहीत. झाकणाची दुसरी बाजू कोरी आहे.

ता. क. ३. सहा महिन्यांत तुम्ही माझ्या बावीस ओळखी नाकारल्यात. त्यातल्या एकोणीस चुकलेल्याच होत्या. आता मी ज्या पद्धतीने फोटो काढते ती त्या एकोणिसांमुळे आली आहे. (उरलेल्या तिनांवर बोलू कधीतरी. तिन्ही वेळा मी बरोबर होते.) तेव्हा भाची म्हणून सहमती दिलीत तर मी नोंद काढून टाकीन. फोटो मोठा करून बघा, डाग बघा, पाय मोजा. मग सहमती द्या नाहीतर कारण द्या. गप्प बसणं तुम्हाला शोभत नाही.

ता. क. ४. आईला यातलं काही सांगितलेलं नाही. 'आपली माणसं' ग्रुपची ॲडमिन मी आहे. सदस्य सेहेचाळीस, रोजचे सुप्रभात साधारण तीस. तुमचा नंबर माझ्याकडे आहे. याचा सहमतीशी संबंध नाही. गप्प बसण्याशी आहे.

ता. क. ५. उत्तर पत्राने पाठवू नये. पोस्टाला आठ दिवस लागतात. तुम्हाला दहा मिनिटं लागतात.