रिकामा डबा परत देऊ नये

५ जानेवारी, सोमवार
झालं! दोन महिने हे घरी होते, आज कंपनीचा फोन आला — आता कामावर बोलावणार नाहीत. हे म्हणाले, "देव हाय की. बघंल." मी म्हटलं, "बघतोच आहे. नुसता बघतोय." संक्रांतीपर्यंत काही जमलं नाही तर वाघोली सोडायची, गावी धाराशिवला जायचं. मला जायचं नाही. थोडी रडले, मग भांडी घासली.

६ जानेवारी
समोरच्या सत्यशीला काकूंनी डबाभर लिंबाचं लोणचं दिलं. आनंद झाला, मग आठवलं — डबा रिकामा परत देता येत नाही! आईनं हातावर मारून शिकवलंय. देवा, पाठवायचंच होतं तर कागदात बांधून पाठवायचंस.

८ जानेवारी
पीठ तळाला आलंय. तरी चार धपाटे थापून डब्यातून यांच्या हाती पाठवले. आम्हाला दोन-दोन उरले. हे म्हणतात, "बघ, पुरलं का नाही?" पुरलं कसलं!

९ जानेवारी
डबा परत आला. आत कुंडीतला कढीपत्ता. एवढी पेन्शन खाते बाई आणि कढीपत्ता देते? पुणेरी हात. मीही हट्टाने शेवटच्या शेंगदाण्यांची चटणी आणि दोन भाकरी पाठवल्या.

११ जानेवारी
डबा पुन्हा दारात. या वेळी चिमूटभर साखर. देवाशी भांडले — सगळ्यांना पोचवतोस, आमच्याच पत्त्याला काय झालं? वाघोलीत ट्रॅफिक आहे, मान्य. पण इतकं? यांनी ऐकलं आणि हसत सुटले. किती दिवसांनी हसले. बरं वाटलं.

१३ जानेवारी, भोगी
भाजीवालीनं उरलेली गाजरं, घेवडा, थोडे वाटाणे पैसे न घेता दिले. भोगीची भाजी झाली. डबा घेऊन मी स्वतःच गेले. आज काकूंना सांगणार होते, आता हे थांबवू या.

काकूंचा ओटा कोरडा. डबे उघडे, सगळे रिकामे.

"पेन्शन बंद आहे," त्या म्हणाल्या. "झिजलेला अंगठा बँकेतल्या मशीनला ओळखू येत नाही. मी समोर उभी आहे, पण जिवंत असल्याचा पुरावा नाही."

मी डबा ओट्यावर ठेवला. त्या पुढे म्हणाल्या, "गुरुवारी सकाळी देवाला म्हटलं, आता तूच बघ बाबा. तेवढ्यात बेल वाजली. दारात तुझा नवरा, उत्तरेश्वर, हातात तुझे धपाटे."

"मग काकू, ती साखर कशाला पाठवलीत?"

"अगं मुक्ताई, डबा रिकामा कसा देणार?"

दोघी खूप हसलो. घरी येऊन मी देवासमोर बसले. भांडायला काही सुचलं नाही.

१४ जानेवारी, संक्रांत
यांना सांगितलं, गावाला जायचं नाही, काकूंना धरून आता आपण तिघं आहोत. उद्या हे काकूंना बँकेत नेणार आहेत, त्या जिवंत आहेत हे सांगायला. पीठ दोन दिवसांचं आहे. भीती वाटत नाहीये. डबा भरून दिला आणि काकूंना बजावलं — परत द्यायचा तो रिकामाच.