त्याच नदीवर

प्रिय आई,

तुझे दोन्ही लेक धडधाकट आहेत, हे आधी सांगतो. काळ्या वाळूच्या वादळाने मोटरसायकलींचा रंग पार खरवडून काढला, पण तू विणलेले स्वेटर शाबूत आहेत. माझा एक दात तेवढा पडला.

दगडावर आपटून पडला, असं लिहिणार होतो, पण केटिलच्या पोटात काही राहत नाही.

बाबांना जिने वाहून नेलं ती नदी सकाळी जाताना आम्ही आधी पायी उतरून, तळ चाचपूनच ओलांडली. दुपारी परतताना मी तशीच गाडी घातली. उन्हाने हिमनदी वितळून पाणी छातीपर्यंत चढलंय, हे दिसलंच नाही. मधोमध गाडी वाहून गेली आणि मी खाली गेलो. केटिलने कॉलर धरून मला काठावर ओढलं आणि छातीवर बसून ठोसे घातले. "मेंढरसुद्धा आधी पाय घालून बघतं रे, गाढवा," म्हणाला. दात तेव्हा गेला.

तुझा गुडघा कसा आहे? गवत कापून झालं का?

त्याला रागावू नकोस. मीही हात उचलला नाही. नंतरच्या प्रत्येक ठोशाला तो मला "बाबा" म्हणत होता.

तुझा,
ओरी