मंगरूचा पेनड्राइव्ह

२० नोव्हेंबर

पोचलो बा एकदाचा! घुग्घुसवरून सकाळी पाचले निघालो, अन् एटापल्लीच्या पुढं जीपमधी कोणाची तरी कोंबडी मांडीवर घेऊन वेंगनकसा गावाले उतरलो तेव्हा चार वाजले होते. कंबरेचा भुगा झाला, पण जागा झकास आहे. आमच्या घुग्घुसले श्वास घेतला का नाकात कोळसा जाते. इथी नुसता कापलेल्या धानाचा वास. सारं गाव बांधीत, म्हंजे धानाच्या शेतात आहे.

ही वही माझ्या पोरीची, दिव्यानीची. अर्धी कोरी होती. बाबा, रोज लिहजो, आल्यावर मी वाचीन, असं तिनं बजावलं अन् वर आपलं नाव ठसठशीत लिहून दिलं. सात वर्षांची आहे, पण हुकूम तहसीलदाराचा. रंजीता, माझी बायको, बाजूले उभी राहून हसत होती.

काम साधं आहे. इथल्या साठ घरांचे वनहक्काचे दावे, म्हंजे पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जंगलातल्या जमिनीचे कागद, ग्रामसभेच्या खोलीतल्या एका जुन्या कम्प्युटरात अडकले आहेत. मूळ कागद वाळवीनं खाल्ले, कम्प्युटरचं विंडोज बसलं. तीस तारखेले फाइली तालुक्याले पोचल्या नाई तर सारे दावे बाद. मी पेनड्राइव्हवरून लिनक्स, विंडोजसारखीच दुसरी सिस्टीम, चालू करीन, फाइली काढीन अन् तीन दिवसांत घरी. असे किती कम्प्युटर उठवले म्या!

२१ नोव्हेंबर

हा मात्र उठत नाई. सकाळपासून डोकं धरून बसलो आहे. पेनड्राइव्ह लावला, बूट मेनू, म्हंजे मशीन कशावरून सुरू करायची ती यादी, उघडला, तर त्यात त्याचं नावच नाई. मागच्या पोर्टात लावला, समोरच्या लावला. बायोसमधी, म्हंजे मशीनच्या मूळ सेटिंगमधी जाऊन क्रम बदलला. माझ्या लॅपटॉपवर पेनड्राइव्ह दोनदा नव्यानं बनवला. पुन्हा तीच काळी स्क्रीन, तीच लुकलुकणारी बारकी रेघ. हार्डडिस्क काढून न्यावी म्हटलं तर ती अशी घरघरते का हलवली का मेली समजा.

दुपारी उलगडा झाला. मशीन इतकी जुनी आहे का सुरू होताना तिले बत्तीस जीबीचा पेनड्राइव्ह दिसतच नाई. बारका पाहिजे, जुन्या काळचा. आता तो कुठून आणू? एटापल्लीचा दुकानदार फोनवर हसला. चंद्रपूरवरून मागवला तर दहा दिवस जाते, जीप काई रोज नाई. दुष्काळात तेरावा महिना.

ग्रामसभेचा शिपाई लच्छूभाऊ, साठीचा माडिया माणूस, दिवसभर दारात बसून होता. संध्याकाळी त्यानं भात अन् अंबाडीची भाजी आणून दिली. झालं का, असं त्यानं एकदाही विचारलं नाई. तेच मले जास्त लागलं.

२२ नोव्हेंबर

गावाबाहेर मोहाच्या झाडाखाली मेलेल्यांचे दगड उभे आहेत. इथली रीत अशी का माणूस गेला का त्याच्या वापरातल्या वस्तू त्याच्या दगडापाशीच ठेवायच्या. कोणाचा लोटा, कोणाची छत्री, कोणाच्या चपला. मी पाय मोकळे करायले गेलो तर एका नव्या दगडाले चष्मा, टॉर्च अन् सुतळीनं बांधलेला पेनड्राइव्ह! चार जीबीचा. माझा हात तिथीच पुढं झाला.

मागून आलेल्या लच्छूभाऊनं मनगट धरलं. म्हणे हा मंगरूचा दगड. मंगरू ग्रामसभेचा ऑपरेटर होता, साठही दावे त्यानंच भरले, अन् तालुक्याले पोचवायच्या आधीच पावसाळ्यात तापानं गेला. शेवटपर्यंत दाव्यांचीच बडबड करत होता. मेलेल्याची वस्तू वापरली का त्याले आपल्यात जागा द्यावी लागते, लच्छूभाऊ म्हणे, अन् माणसात जागा असते तरी किती? मी मान डोलावली.

२३ नोव्हेंबर

अडला हरी गाढवाचे पाय धरी. लच्छूभाऊ बांधीत गेलेला पाहून दगडाले हात जोडले अन् सुतळी सोडली. काम झालं का परत बांधीन.

पयल्याच झटक्यात बूट झाला! पेनड्राइव्हमधी लिनक्स आधीच होतं, पुसायचीही गरज नाई पडली. फक्त वर कोपऱ्यात माझ्याऐवजी मंगरूचं नाव येते. याची मजा अशी का हे हार्डडिस्कले हात लावत नाई. सारं मशीनच्या तात्पुरत्या आठवणीत चालते, मशीन बंद झाली का सारं विसरते. दरवेळी कोरी पाटी. एकदा चालू झालं म्हणून माझा बत्तीसवालाही आता दिसते, त्याच्यावर फाइली उतरवून राह्यलो. डिस्क मरायले टेकली आहे, एकेका दाव्याले अर्धा अर्धा तास. नऊ दावे झाले अन् लाइट गेली.

२४ नोव्हेंबर

पुन्हा बूट केला. काल लाइट जाताना स्क्रीनवर जी खिडकी उघडी होती ती जशीच्या तशी उघडी. माझी फाइलींची यादी सुद्धा. असं होत नाई. पण कामाच्या घाईत मी तिकडं काणाडोळा केला. वीस झाले, मंग लाइट गेली.

टेकडीवर जाऊन घरी फोन लावला. रंजीतानं सहज विचारलं का आपण पयल्यांदा भेटलो ती जत्रा कुठली होती, दिव्यानी विचारते. मले आठवेचना. तोंडावर आहे, असंही नाई. तिथी काईच नाई. रंजीता म्हणे, थकले तुम्ही. हो, थकलो तर आहे.

२५ नोव्हेंबर

स्क्रीनवर एक नवीन फोल्डर. नाव घुग्घुस. आत मराठीत लिहिलेली एक फाइल: वढ्याची जत्रा, रंजीताच्या हातात उसाचं कांडकं, पिवळी ओढणी, चप्पल तुटलेली.

दोनदा वाचलं. दुसऱ्या कोणाची गोष्ट वाचावी तसं वाटलं. मंग ध्यानात आलं. दर बूटले हे माझी एकेक आठवण आपल्यात ठेवून घेते. जे त्याच्याकडं गेलं ते माझ्याकडं नाई.

दगडाची सुटलेली सुतळी लच्छूभाऊनं पाहिली होती. रागावला नाई. आजच्या आज दगडाले बांधून ये अन् घरी जा, एवढंच म्हणे. तेवढ्यात दारात गावातली गिरजाबाई आली. कापणीचा विळा कमरेले. तिच्या नवऱ्याचा दावा निघाला का, विचारून राह्यली. निघाला होता. मी स्क्रीनवर नाव दाखवलं, तर तिनं त्याच्यावर हात फिरवला, लेकराच्या डोक्यावर फिरवते तसा. मी खुर्चीतून उठू शकलो नाई. एकतीस झाले.

२६ नोव्हेंबर

आज लाइट तीनदा गेली. तीन बूट. पंचेचाळीस.

बाप गेला ते वर्ष आठवत नाई. शाळा कोणती ते नाई. फोल्डरात सारं आहे, मले वाचवत नाई. जेवताना मी डाव्या हातानं जेवून राह्यलो होतो. लच्छूभाऊ ताटाकडं पाहतच राह्यला. मंगरू डावरा होता, म्हणे.

२७ नोव्हेंबर

बावन्न. घरचा फोन नंबर आठवत नाई. मोबाइलमधी आहे, पण कोणत्या नावानं —

भ्याव वाटून राह्यलं. खूप भ्याव वाटून राह्यलं. पण आठ घरं उरली आहेत, अन् ती घरं आता मले माहीत आहेत. कोणाची बांधी नाल्याच्या कडेले, कोणाचं मोहाचं झाड वाकडं. मले कोणी सांगतलं? मी तर त्या बांध्यांकडं कधी —

२८ नोव्हेंबर

एकोणसाठ. एक उरला.

तो लच्छूभाऊचा. त्यानं स्वतः प्लग काढला. माझी जमीन राहू दे भाऊ, तू जा, लेकरू वाट पाहून राह्यलं, असं म्हणून हात जोडले त्यानं. साठ वर्षांचा माणूस. पुढच्या पिकाले त्याच्या पायाखाली जमीन नाई, अन् तो माझ्यापुढं हात जोडते. मी बाहेर गेलो. वहीवरचं नाव बोटानं गिरवलं. दिव्यानी. दिव्यानी. दिव्यानी. हे आहे अजून. बाकी सारं गेलं तरी हे —

एकच बूट. एकच. हात आपसूक प्लगकडं —

२९ नोव्हेंबर

साठ. लच्छूभाऊ फाइली घेऊन गेला तालुक्याले. जाताना रडला. कोणाले तरी फोन केला त्यानं, मोबाइल मीच दिला, कोणाचा होता —

लाइट जाऊन राह्यली

१ डिसेंबर

पोचलो बा एकदाचा! कुठी होतो इतके दिवस ते आठवत नाई, पण खोली तीच, खुर्ची तीच. फक्त चष्मा सापडत नाई. दावे गेले म्हंते तालुक्याले, म्या भरलेले साठच्या साठ. जीव कसा हलका झाला. टेबलावर एक वही पडली आहे, वर दिव्यानी लिहिलेलं, कोणा शाळेच्या पोरीची राहून गेली असेल. कोरी पानं आहेत म्हणून लिहून राह्यलो. आधीचं कोणी लिहिलं ते चष्म्याबिगर वाचवत नाई.

लच्छूभाऊ दारात उभा आहे, माझ्याकडं पाहत नाई. जीपमधून एक बाई उतरली, तिकडच्या शहरातली वाटते. संगं बारकी पोरगी. बाई तोंडावर पदर धरून बसली. पोरगी सरळ माझ्याजवळ आली अन् वहीवरच्या नावावर बोट ठेवून विचारते का सांगा मी कोण. गोड आहे पोरगी, पण आता मी हिले काय सांगू, मी तर हिले आज पयल्यांदा —