वांगी रंगाचा घागरा

६ एप्रिल, रविवार

हौसाचा पाय मोडला. माळ्यावरचं पितळेचं पातेलं काढायला स्टुलावर चढली आणि पातेल्यासकट खाली आली. पातेलं शाबूत आहे. पायाला गुडघ्यापर्यंत प्लास्टर — सहा आठवडे! आणि नेत्राचं लग्न अकरा मेला.

रिक्षातून घरी आणताना विचारलं, फार दुखतंय का. तर म्हणाली, "दुखायचं ऱ्हाऊ द्या. घागऱ्याचा भाव आता कोन करील?"

लग्नातला शालू होणाऱ्या जावयाच्या, देवेशच्या घरचे आणणार आहेत, ते ठरलेलं आहे. रिसेप्शनचा घागरा मात्र आपण घ्यायचा. नेत्रा म्हणाली, "बाबा येतील ना माझ्याबरोबर." हौसा हसली. प्लास्टर घातल्यापासून पहिल्यांदा हसली, ती माझ्यावर.

तिचं तरी काय चुकलं? जन्मभर एसटीत कंडक्टरकी केली. तिकिटावर छापलेले पैसे घ्यायचे, उरलेले सुटे परत द्यायचे, एवढाच माझा व्यवहार. भाव करणं मला जमतच नाही. एकदा कलिंगडवाल्याने सांगितले तेवढे पैसे देऊन आलो होतो, ते अजून ऐकतोय. आणि कलिंगड पांढरं निघालं होतं.

पण मी जाणार. पोरीच्या लग्नात मला मिळालेलं हे एकच काम आहे. बाकी सगळं हौसाने आधीच वाटून टाकलंय.

७ एप्रिल, सोमवार

निघताना हौसाने धडे दिले. आवडलेल्या कपड्याला पहिला हात लावायचा नाही. आधी भलत्याच कपड्याचा भाव विचारायचा. तोंड वाकडं ठेवायचं. जमत नसलं की उठून चालू लागायचं, मागून हाक येतेच. आणि अठरा हजाराच्या वर एक रुपया नाही. नाही पटलं तर सोडून द्यायचं, साधी पैठणी नेसेल पोरगी.

धामणकर नाक्यावरचं दुकान. आत गेल्यावर नेत्रा एका घागऱ्यासमोर उभीच राहिली. वांगी रंग. दुकानदार त्याला वाइन म्हणतो. पण माझ्या डोळ्यांना काय कळायचं ते कळलं — वांगीच. खाली सगळीकडून सोनेरी बुट्टे. तिने ओढणी खांद्यावर घेऊन आरशात बघितलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "वा! हाच घे."

झालं. हौसाचे सगळे धडे एका वाक्यात धुतले गेले. दुकानदार म्हणाला, "चोवीस हजार, काका." मी खिशात हात घातला! नेत्राने माझा हात धरला म्हणून वाचलो. तेवढ्यात हौसाचा फोन. आत ऐकू येईना — दुकानाच्या मागेच कुणाचे तरी लूम, यंत्रमाग, धडधडत होते — म्हणून बाहेर जाऊन बोललो. म्हणजे बोलली ती. मी ऐकलं. बराच वेळ ऐकलं.

परत आलो तर दुकानदार माझ्याकडे टक लावून बघतोय. "काका, तुम्ही गणेशपुरीच्या गाडीवर होता ना? चांगदेव कंडक्टर?" मला वाटलं, चला, ओळख निघाली, आता भाव उतरेल.

कसला उतरतोय! याचं नाव तुळशीराम. आमच्याच बाजूचा, वज्रेश्वरीजवळच्या पाड्यावरचा. लहानपणी आईबरोबर माझ्या गाडीने भिवंडीला यायचा. एकदा आई म्हणाली, पोराला चार वर्षं, तिकीट लागत नाही. मी नवीन होतो, कडक होतो. पोरालाच विचारलं, किती वर्षांचा रे तू? हा छाती काढून म्हणाला, "सहा!" मी अर्धं तिकीट फाडलं. गाडीतून उतरल्यावर आईने याला धपाटे घातले.

ती आई दुकानातच बसलेली होती, गल्ल्याशेजारच्या खुर्चीवर. गोदूआय. चष्म्यातून मला बघून म्हणाली, "मी किती गयावया केली. तू बोललास, आजी न्हाय, माजी न्हाय, तिकीट म्हंजे तिकीट. मी काय तवा आजी व्हते रं?"

तुळशीराम गंभीर तोंडाने म्हणाला, "काका, घागरा म्हणजे घागरा. चोवीस."

९ एप्रिल, बुधवार

आज उठून चालू लागायचा प्रयोग केला.

मी म्हटलं पंधरा. तुळशीराम म्हणाला चोवीस. मी उठलो, नेत्राला म्हटलं चल. ती लगेच उठली, चेहराही छान पाडला — आईवर गेलीय. दुकानाच्या पायऱ्या उतरलो. हाक नाही. पुढच्या दुकानापर्यंत अगदी हळू चाललो. हाक नाही. असं करत करत शेअर रिक्षाच्या स्टँडपर्यंत पोचलो. रिक्षावाला म्हणाला, "नारपोली? बैठो चाचा, दो सीट खाली है." मी म्हटलं, रुको, हमको कोई बुलानेवाला है.

नेत्रा म्हणाली, "थोडं थांबू बाबा, येईल हाक." थांबलो. उसाचा रस घेतला. रसवाल्याने सांगितले तेवढेच दिले. नेत्राने बर्फ नको सांगितलं, लिंबू जास्त. तिला बर्फ चालत नाही हे मला माहीत नव्हतं. पुन्हा एकेक ग्लास घेतला. हाक काही आली नाही.

त्यात चष्म्याची डबी दुकानातच राहिली. ती आणायला परत गेलो. पुरती नाचक्की! तुळशीरामने डबी हातात दिली आणि म्हणाला, "या काका परत." गोदूआय पदरात तोंड लपवून बसली होती.

१० एप्रिल, गुरुवार

हौसाने माझ्याशी बोलणं टाकलंय. आतल्या खोलीतून फोन करून रागावते मात्र.

१३ एप्रिल, रविवार

नेत्रा म्हणाली, दुसऱ्या दुकानांतले भाव माहीत असले की आपलं बोलणं वजनदार होतं. पटलं. म्हणून आज दुपारपासून दुकानं बघत हिंडलो. एका ठिकाणी भलत्याच घागऱ्याचा भाव विचारायचा धडा आठवला. एक हिरवा दाखवला. दुकानदाराने अकरा घागरे काढून पसरले आणि मला नाही म्हणवेना. नेत्राने सोडवून बाहेर आणलं. रस्त्यात पोट धरून हसत होती. मग मीही हसलो. सुताचे बीम भरलेला टेम्पो मागून येऊन हॉर्न मारत होता तरी आमचं हसणं थांबेना.

पाणीपुरी खाल्ली. ती तिखट खाते, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. खाता खाता म्हणाली, "आपण दोघं असे बाजारात पहिल्यांदा आलो, बाबा." मी म्हटलं, असं कसं? पुन्हा आठवून बघितलं. आठवेना. दिवाळीला जादा गाड्या, मेच्या सुट्टीत जादा गाड्या, वज्रेश्वरीच्या जत्रेला तर सुट्टीचं नावच नको. कपडे आईबरोबर, वह्या आईबरोबर. ड्युटी म्हणजे ड्युटी.

तक्रार म्हणून म्हणाली नाही. उलट खुशीत होती. म्हणाली, "तुम्ही रात्री यायचात तेव्हा मी जागी असायची. तुम्ही बॅग खुंटीला अडकवली की सुटे पैसे वाजायचे. ते वाजले की मी झोपायची."

सव्वीस वर्षांची झाली पोरगी, मला हे आज कळतंय. आम्हाला वाटायचं ती संध्याकाळीच झोपते. मला एकदम भरून आलं. पाणीपुरीवाल्याला अजून एक प्लेट सांगितली.

१५ एप्रिल, मंगळवार

मंगळवारी नाक्यावरची दुकानं बंद. नेत्रा तयार होऊन बसली होती, उगाच हिरमुसली. मी म्हटलं, अगं घागरा कुठे पळतो! खरं तर मीही शर्टाला इस्त्री करून ठेवली होती.

१७ एप्रिल, गुरुवार

तेवीस हजार. एक हजार उतरवला! हौसाला सांगितलं. ती म्हणाली, "त्याला दया आली आसंल."

पण नेत्राला तोच घागरा हवा आहे. तोंडाने काही मागत नाही. दुकानात गेलं की आधी तो हँगरवर आहे का ते बघते, आणि असला की निवांत होते. माझ्यामुळे तो हातचा गेला तर? पाच हजार मी माझ्यातले घालून मोकळा होईन, हौसाला कळायचं नाही, असं मनात आलं. पण मग मी केलं काय? ते तर कलिंगडच झालं.

१९ एप्रिल, शनिवार

जिंकलो!

आज हौसाचे धडे घरी ठेवून गेलो. ते तिच्या तोंडात शोभतात. मी सरळ विचारलं, "तुळशीराम, तुझ्या आईला आता एसटीत किती तिकीट पडतं?"

तो म्हणाला, "अर्धं."

"का?"

"बायकांना अर्धंच आहे ना आता."

"मग हा घागरा कोण घालणार? मी?"

मग गोदूआयने जी हसायला सुरुवात केली, तिला ठसकाच लागला. नेत्राने पाणी दिलं. गोदूआय पोराला म्हणाली, "फाड रं, फाड त्याला अर्धा तिकीट."

तुळशीराम हात जोडून म्हणाला, "काका, बारा हजारात दिला तर मला परत पाड्यावर जावं लागंल." मी म्हटलं, मग तुझंही नको, माझंही नको. तो वीसवर आला. मी सतरावर गेलो. मधे चहा आला. तो एकोणीस म्हणाला. मी चहा खाली ठेवला — खरंच ठेवला, नाटक नव्हतं, गरम होता. तो म्हणाला, "साडेअठरा, आणि वर हा मोत्यांचा बटवा फुकट. आता नाही म्हणू नका."

मी नेत्राकडे बघितलं. तिने मान हलवली. हात मिळवला. वरचे पाचशे माझ्या खिशातले.

तिने घालून दाखवला. चोळी शिवून घ्यायला आठवडा लागतो असं तो म्हणाला होता, पण हिला तिथल्या तिथे मापाची बसली. बेतून शिवावी तशी. असतं एकेकाचं नशीब. आरशासमोर ती गोल फिरली, बुट्टे चमकले. मी बघतच राहिलो. कुणाची तरी बायको होणार आता ही. रडलो नाही. चष्मा पुसला.

२० एप्रिल, रविवार

हौसाने घागरा उलटा करून शिवण तपासली, सुलटा करून रंग तपासला. "वांगी रंग झ्याक हाय," म्हणाली. बघा, वांगीच! मग तो बटवा हातात घेऊन बराच वेळ बघत बसली. मी सांगितलं, फुकट मिळवला. ती नेत्राकडे बघून म्हणाली, "तुजे बाबा हुशार झाले गं." नेत्रा पाणी आणायला आत पळाली.

चोवीसचा साडेअठरा! डेपोतला दामू भेटला, त्याला सांगितलं. समोरच्या लूमवाल्या चाचांना सांगितलं. ते म्हणाले, "मेरी बेटी की शादी में आप ही चलना." जाईन की. आता काय, मला जमतं.

२४ एप्रिल, गुरुवार

तुळशीरामला पत्रिका द्यायला एकटाच गेलो होतो. तो जेवायला गेलेला. गल्ल्यावर गोदूआय. पत्रिका कपाळाला लावली आणि म्हणाली, "तुजी पोरगी लय गोड हाय रं. पयल्याच दिशी तिनी आठरा हजारात घेतला घागरा. तू भाईर फोनवर बायकोच्या शिव्या खात व्हतास ना, तवा. चोलीचा मापबी तवाच दिला. मंग माज्या पोराला बोलली, दादा, बाबांना सांगू नका, त्यांना चार-पाच फेऱ्या मारायला लावा. माजे बाबा मना कदी बाजारात गावलेच न्हायत."

पत्रिकेवर तिने मला साखर दिली. म्हणजे माझ्या खिशातले ते पाचशे फुकटच्या बटव्याचे.

घरी आलो. हौसाला विचारलं, तुला माहीत होतं? ती म्हणाली, "पाय मात्र खरा मोडलाय."

नेत्रा कामावरून आली. जेवताना एवढंच म्हटलं, तुझ्या चपला घ्यायच्या राहिल्यात ना? उद्या जाऊ. पण चपलांचा भाव अवघड असतो गं, एका फेरीत होणार नाही.