कै. हैबतीचे मुरारीस आशीर्वाद

मु. कुडपण, ता. पोलादपूर

चि. मुरारीस, तुझ्या दिवंगत चुलतभावाचे अनेक आशीर्वाद.

माझी तब्येत मेलेल्या माणसाच्या मानाने उत्तम आहे. गुडघा तेवढा दुखतो. तुझी विचारत नाही, कारण तुझ्या तीनशे पानी आत्मचरित्रावरून कळलं, की तुला एकदा सिंहाने, एकदा चाच्यांनी आणि दोनदा प्रेमाने घेरलं आणि चारही वेळा तू सुखरूप सुटलास. आम्ही अडाणी, आम्ही समजत होतो की तू बावीस वर्षं मस्कतला मासळीच्या शीतगृहात स्टोअरकीपर आहेस. बर्फाळ प्रदेशात उणे अठरा अंशांत काढलेले तुझे दिवस वाचून वैशालीला (तुझ्या वहिनीला) भरून आलं. तो बर्फ सुरमईवर टाकायचा होता, हे मला सांगावं लागलं. सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडात उडी मारून तू साधू वाचवलास म्हणे. तिथे तू अंगठा बुडवून बोंबललास आणि मी तुला पाठुंगळी मारून घरी आणलं, एवढंच मला आठवतं.

हेही चाललं असतं. पण नवव्या प्रकरणात तू मला मारलंस. वरंधा घाटात एसटी घसरली, माझा हात तुझ्या हातातून सुटला, मी दरीत गेलो आणि त्या दुःखाने तू देश सोडलास! अरे, पुण्याला तुझ्या मुलाखतीला जाताना मी घाटातल्या वाघजाईच्या देवळापाशी भजी घ्यायला उतरलो आणि गाडी सुटली. कंडक्टरला थांबव म्हणायला तुझं तोंड रिकामं नव्हतं (पहिला पुडा तुझ्याकडेच होता). मी पायी खाली वरंधला आलो. दरी लांबून पाहिली.

आता ऐक. आपल्या अपेक्षाचं, तुझ्या पुतणीचं, लग्न वरंधच्या साहिलशी ठरलंय. दोघं मुंबईला एकाच कचेरीत. बोलणी तिच्या मामाने, राजेशने केली. मी गुडघा घेऊन घरी पडलो होतो, त्यामुळे व्याह्यांनी मला पाहिलेलं नव्हतं. व्याही भरतराव वाचनाचे शौकीन. त्यांनी तुझं पुस्तक वाचलं, डोळे पुसले आणि मोठ्या मनाने दोन्हीकडच्या पत्रिका स्वतःच छापून आणल्या. त्यांत मी ‘कै. हैबती’ आणि कन्यादान करणार चुलते, सुप्रसिद्ध प्रवासी मुरारी.

मी काठी टेकत वरंधला गेलो. चहा मिळाला. आधार कार्ड दाखवलं. भरतरावांनी ते उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाले, “कार्ड हाय, नाय म्हनत नाय. पन पुस्तकात तारीख हाय, वार हाय, पाऊस सुदा हाय. येवडा शिकलेला मानूस सख्ख्या भावाला उगाच कसा मारंल?” (सख्खाही तूच छापलास.) तुझ्यापेक्षा मीच खोटा दिसत होतो. शेवटी ते म्हणाले, ज्याने लिहिलं त्याने मांडवात उभं राहून सांगावं, की भाऊ जिवंत आहे.

मला माझं काही नाही. पण परवा त्यांच्याकडच्या बायका ओटी भरायला आल्या, तेव्हा सगळ्यांना कुंकू लावलं आणि वैशालीपाशी येऊन त्यांचा हात थांबला. मी बाजूलाच बसलो होतो, जिवंत. ती उठून चहा टाकायला गेली. मुरारी, याचा मला फार राग आला, आणि तो त्या बायकांचा नव्हता.

वडीलधाऱ्यांना नमस्कार सांग, असं लिहिणार होतो. पण पुस्तक पाहता तू कोणी शिल्लक ठेवलेलं दिसत नाही.

तुझा, अजून कुडपणातच असलेला,
हैबती

ता. क. : तुझ्यासारख्या थापाड्याला लग्नाला बोलावण्याचा माझा अजिबात विचार नाही. हळद सतरा तारखेला, लग्न अठराला.

ता. क. २ : त्याच प्रकरणात, मी गेल्यावर तू आठ दिवस जेवला नाहीस, असं लिहिलंयस. ते पान मी वैशालीला वाचून दाखवायला घेतलं, पण मला वाचवेना. तेही खोटंच असणार. पण मेलेल्या भावासाठी आठ दिवस उपाशी राहतोस, तर जिवंत भावाकडे दोन दिवस जेवायला ये.