तिखट माइक

४ मार्च

सोडली! पंधरा वर्षांची नोकरी सव्वा मिनिटात सोडली. साहेब म्हणाले, "स्वतःचं म्हणजे काय करणार? लग्नंच ना?" म्हटलं, नाही. लग्नं पुष्कळ झाली. पंधरा वर्षं दुसऱ्यांनी शूट केलेलं कापलं, जोडलं, रडणाऱ्या आयांच्या मागे गाणी लावली. आता शूटही मी करणार आणि कापणारही मीच. साहेबांनी मान हलवली. कीव होती त्यात. असू दे.

पहिली फिल्म मामावर. मामा पियानो सुरात लावतो. शाळांतले, क्लबांतले, घराघरांतले, चाळीस वर्षं हेच. फक्त मोठ्या हॉलचा पियानो त्याच्या हाताला कधी लागला नाही, त्यासाठी बाहेरून माणूस यायचा. तो माणूस आता थकला, आणि हॉलच्या मॅनेजरनं मामाला विचारलंय! अकरा एप्रिलला संध्याकाळी कार्यक्रम, पियानो त्याच सकाळी लावायचा. मामानं उडी मारायला हवी होती. तर म्हणतो, "बघू. कळवतो." चाळीस वर्षं ज्या पियानोकडे लांबून बघत बसला त्याला बघू? मला तर हॉलशिवाय फिल्मचा शेवटच दिसत नाही. पण मामाला ढकलून चालत नाही. ढकललं की तो मागे सरकतो.

६ मार्च

कॅमेरा निवडायला बसले आणि डोक्याचा भुगा झाला. इंटरनेटवर एक पोरगा नुसतं खोकं उघडायला वीस मिनिटं घेतो — नमनाला घडाभर तेल! दुसरा म्हणतो हाच घ्या. तिसरा म्हणतो हा घेतलात तर पस्तावाल. तिघांचेही कॅमेरे फुकटचे, हे मला माहीत आहे. तरी बघते.

नवरा म्हणाला, "मला बघायला आलीस तेव्हा दहा मिनिटांत हो म्हणालीस." म्हटलं, म्हणूनच आता वेळ घेतेय.

७ मार्च

आजही ठरलं नाही. बघण्यात मजा मात्र येतेय, खोटं कशाला बोलू.

१० मार्च

ठरलं! सेकंडहँड मिररलेस कॅमेरा. कॅमेऱ्याचं दुकान चालवतो त्या चष्मेवाल्याकडून — त्याचा एक चष्मा नाकावर आणि एक कपाळावर असतो, आणि दोन्ही शोधत असतो. भला माणूस. नवा, मोठ्या सेन्सरचा कॅमेरा त्यानं पुढे केला नाही. विचारलं, "काय शूट करणार?" सांगितलं — एक म्हातारा माणूस, एक उघडा पियानो, अंधाऱ्या खोल्या. मग म्हणाला, "मग तुम्हाला न तापणारा पाहिजे." आणि काउंटरवर एक जुना कॅमेरा चालू करून ठेवला. आम्ही गप्पा मारल्या. सव्वा तासानं बघितलं तर चालूच, कोमटसुद्धा नाही. एका कोपऱ्यावरचा रंग उडालाय, स्क्रीनवर बारीक चरा आहे. पदरी पडलं पवित्र झालं.

घरी आणल्यावर नवऱ्याचं शूटिंग केलं. तो पोट आत घेऊन उभा राहिला. कॅमेऱ्यात सगळं दिसतं, हे त्याला सांगितलं नाही.

१३ मार्च

लेन्स. चष्मेवाल्यानं दोन दिवसांसाठी तीन लेन्स हातात दिल्या. ("परत आणा म्हणजे झालं!") त्या घेऊन मामाकडे गेले. मामाच्या घरी पियानोची खोली म्हणजे पियानो आणि उरलेल्यात मामा. झूमवाली लावली तर जड, हात भरून आला, आणि खोलीत उजेड नाही म्हणून चित्रात दाणे दाणे. पन्नास एमएमची लावली — काय सुंदर! पण मामाचे हात आणि चेहरा एकत्र बसवायला मागे जाऊ लागले तर भिंत. भिंतीला पाठ लावली तरी नुसतेच हात. मामा म्हणाला, "भिंत पाडू का?"

मग पस्तीसची. स्टुलावर बसून, गुडघे पियानोला टेकवून बघितलं. हात, तारा पिळायची किल्ली, खुंट्यांच्या रांगा आणि वर मामाचं नाक, सगळं आत! उजेडही पुरला. अजून जवळ गेले तर तारेवरची धूळ दिसली. एवढं पुरे. एकच लेन्स घ्यायची, आणि लांबचं हवं असेल तर पायांनी मागे जायचं.

मामाला विचारलं, हॉलचं कळवलंस का? "बघू" म्हणाला आणि धूळ पुसायला लागला.

१७ मार्च

आजचा दिवस छान गेला!

आवाजाचं सामान घ्यायचं होतं. यात मी ढ. पंधरा वर्षं गाण्याखाली आवाज गाडून टाकायचं काम केलं, तर कळणार कुठून? पण घरात चाळीस वर्षांचा कान असताना दुसऱ्याला कशाला विचारा — मामालाच दुकानात घेऊन गेले. रेकॉर्डर एकच होता परवडणारा, तो घेतला. मग चष्मेवाल्यानं तीन माइक मांडले, तिन्ही लांब नळीचे, समोरचंच ऐकणारे. मामानं हेडफोन घातले. खिशातून चाव्यांचा जुडगा काढला आणि माइकपुढे खुळखुळवला. चष्मेवाला खूश! "काका, जाणकार आहात. माइक असाच तपासतात."

पहिल्या माइकला मामानं नाक मुरडलं. दुसऱ्याला तसंच. तिसऱ्याला चाव्या हलवल्या आणि थांबला. परत हलवल्या. डोळे मिटले. पाच-सात मिनिटं माणूस नुसत्या चाव्या वाजवतोय! मागे दोन गिऱ्हाइकं तिष्ठत उभी. मी म्हटलं, मामा, पुरे. तर म्हणाला, "हा घे. बाकीचे दोन झोपलेत."

चष्मेवाला जरा घुटमळला. "काका, हा वरच्या अंगाला तिखट आहे. दुसरा जास्त गोल आहे बघा." मामा त्याच्यावर उखडला! "तिखट नाही हो, जागा आहे!" मामा आवाज चढवत नाही कधी. मी निमूट तिसरा बांधून घेतला. सोबत केसाळ टोपी मिळाली, वाऱ्यासाठी. नवरा म्हणतोय, घरात मांजर नको म्हणत होतीस ना?

१८ मार्च

मामानं हॉलला हो कळवलं!!! सकाळी आठला फोन करून सांगतो कसा, "झालं. कळवलं. आता नाचू नकोस." नाचले.

२२ मार्च

पहिलं खरं शूटिंग, संगीत शाळेत. तिथल्या पियानोच्या बाईंनी खोली दिली आणि स्वतः खुर्ची टाकून बसल्या, हलेनात. मामा त्यांच्यापुढे अगदी साहेब! कॅमेऱ्याला समजावून सांगत होता — मधल्या आणि वरच्या प्रत्येक पट्टीला तीन तारा. रबराची पाचर घालून एकेक गप्प करायची. दोन तारा थोड्या जरी वेगळ्या असल्या तर आवाजात लहर येते, वँव-वँव-वँव. किल्लीनं खुंटी केसभर फिरवायची, लहर मंद होत जाते आणि बसते. "लहर बसली की तार लागली. एवढाच धंदा." मी हेडफोनमध्ये ऐकत होते. लहर बसते तेव्हा आपल्यालाच बरं वाटतं, नुसतं ऐकूनसुद्धा.

एक घोळ केला. कॅमेऱ्याची पिप बंद करायला विसरले! फोकस लागला की पिप, पिप. मामाच्या कामात खोडा नको म्हणून माफी मागितली. "कसली पिप?" म्हणाला. कामात इतका बुडालेला. माणसानं काम करावं तर असं.

२७ मार्च

मामाला माझ्या माइकचं वेडच लागलंय. आज त्याच्या घरी शूट होतं, तर म्हणाला, आधी ते कानातलं दे. तास झाला तरी देईना! हेडफोन घालून स्वतःच्याच पियानोच्या वरच्या टोकाला बसला, किल्ली फिरवतोय, पट्टी दाबतोय, फिरवतोय. मी चहा केला, मीच प्याले. मग बघते तर डोळे पुसतोय. काय झालं रे? म्हणाला, "हेडफोन घट्ट आहेत गं तुझे."

मी सैल केले.

३१ मार्च

आठवडाभर लागोपाठ शूट. पाठ दुखतेय, बॅटऱ्या कमी पडतात, जेवण वेळेवर नाही, आणि मी शिट्टी वाजवत भांडी घासतेय. नवरा म्हणाला, "नोकरी सोडून तू तरुण झालीस, मी एकटाच म्हातारा होतोय."

३ एप्रिल

एडिटिंगला बसले आणि कपाळावर हात मारला. चित्र झकास. आवाज! मामाचा प्रत्येक 'स' सुईसारखा टोचतो. वरच्या तारा तर कानात खिळा ठोकल्यासारख्या. शूटिंगला त्या साध्या हेडफोनवर, गडबडीत, मला कळलं नव्हतं. पण मामाला कसं कळलं नाही? वरचं कापून बघितलं तर तारांची धारच जाते.

नवऱ्यानं ऐकलं आणि म्हणाला, "कानामागून आला आणि तिखट झाला." हसू आलं, पण राग गेला नाही.

४ एप्रिल

चष्मेवाल्यानं जोडून बघितला. माइकमध्ये दोष नाही. "ताई, त्याच दिवशी म्हटलं होतं, वरून तिखट आहे. पण तुमच्या मामांनी ठरवलं होतं." बिल होतं, खोकं होतं, महिना झाला नव्हता. बदलून दिला. दुसरा घेतला, तो गोल आवाजाचा. घरी लावून बघितला — लोण्यासारखा! मामाला मुद्दाम सांगायला नको. त्याची निवड चुकली असं कशाला वाटू द्या? हॉलमध्ये गुपचूप हाच लावीन.

७ एप्रिल

नव्या माइकनं थोडं परत घ्यावं म्हणून एकटीच संगीत शाळेत गेले. पियानोच्या बाईंनी बाजूला घेतलं. "तुमच्या मामांना सांगू नका हं. पण वरचं सप्तक लागलेलं नाही. मागच्या वर्षीपण असंच होतं. इतक्या वर्षांचा माणूस, बोलणार कसं?"

मी हेडफोन घातले आणि वरच्या पट्ट्या एकेक दाबल्या. वँव-वँव-वँव. जवळजवळ प्रत्येकीत लहर. आधी वाटलं माइक. पण माइक आवाज तिखट करील नाहीतर गोल करील, तारेचा सूर नाही हलवणार.

मामाला वरचं ऐकू येत नाही. ती पिप त्याला ऐकूच आली नव्हती. आणि मी म्हणाले, माणसानं काम करावं तर असं!

चार दिवसांवर हॉल आहे. सगळं गाव येणार, वाजवणारा बाहेरून येणार. त्या पियानोचं वरचं टोक बेसूर निघालं तर मामाचा चाळीस वर्षांचा शब्द एका संध्याकाळीत जाईल. आणि त्याला बिचाऱ्याला पत्ताच नाही.

८ एप्रिल

नवरा म्हणतो, सांगून टाक. म्हटलं, तू सांग! तर भांडी घासायला उठला.

९ एप्रिल

सांगायला गेले. मामा टेबलावर अवजारं मांडून पुसत होता, किल्ली, पाचरी, लोकरीची पट्टी. नवा शर्ट आणलाय, त्याची घडी मोडून दाखवली. "कॅमेऱ्यात पांढरा चालेल ना गं?" म्हटलं, निळा घाल. दोन कप चहा प्याले आणि परत आले.

नाही सांगितलं.

११ एप्रिल

सकाळी मामाला घ्यायला गेले. दारातच त्यानं विचारलं, "तो तिखट माइक घेतलास ना?" मी म्हटलं, तो बदलला. मामा स्टुलावर बसलाच. "अगं, त्यात मला वरचं ऐकू येत होतं. सहा वर्षांनी! इतके दिवस नुसत्या मनगटाच्या अंदाजानं लावतोय. घराघरात खपून जातं, हॉलमध्ये नाही खपायचं. त्या चाव्या ऐकल्या, म्हणून तर हो म्हणालो."

दुकान दहाला उघडतं, हॉलमध्ये अकराला पोचायचंय. साडेनऊपासून आम्ही दोघं बंद शटरसमोर उभे आहोत, मामा निळ्या शर्टात, पिशवी पायाशी. तो माइक अजून विकला नसला म्हणजे मिळवली. हे उभ्या उभ्याच लिहितेय. मामा म्हणतोय, वही ठेव, कॅमेरा काढ, हेही घे.